पहिला रणगाडा निवडताना आधी चाकं मोज

खानापूरहून एका मुलानं विचारलंय. बेळगावात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पाच हजार रुपये साठवलेत आणि पहिलंच रणगाड्याचं स्केल मॉडेल घ्यायचंय. आतल्या इंजिनासकट, तोफगोळ्यांसकट येणारा १/३५ चा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा, जर्मन टायगर रणगाडा त्याच्या मनात भरलाय. मित्र म्हणतो १/७२ घे, स्वस्त पडेल. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यामुळं आपल्या फौजेशी नातं असलेलं काही मिळालं तर त्याला जास्त आवडेल. एअरब्रश, म्हणजे दाबाच्या हवेनं रंग फवारायचं यंत्र, नाही, घेण्याचा विचारही नाही. "काका, नेमकं काय घेऊ?"

बाळा, टायगर आत्ता घेऊ नको. पुढं जरूर कर, रणगाडा देखणाच आहे. पण सुरुवातीच्या टायगरला एका बाजूला आठ आस असतात, दर आसावर तीन चाकं, म्हणजे एका बाजूला चोवीस आणि दोन्हीकडची मिळून अठ्ठेचाळीस. प्रत्येक चाक फ्रेममधून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात त्यातून, कापायचं, कापल्याची खूण घासायची, मधला भाग एका रंगात आणि कडेचं रबर दुसऱ्या रंगात रंगवायचं. चाकं एकमेकांत गुंतलेली असल्यामुळं ती बसवण्याचा क्रमही सांभाळावा लागतो. त्यात तू इंटिरियरवालं किट म्हणतोयस. त्यात आतली प्रत्येक वस्तू आधी रंगवून मगच हल, म्हणजे रणगाड्याचं धड, बंद करता येतो. अशा किटांच्या भागांची संख्या हजाराच्या घरात जाते. नवशिक्याचा उत्साह टिकतो महिना-दीड महिना, आणि तेवढ्या वेळात तू अजून गिअरबॉक्सवरच असशील. मग डबा माळ्यावर जातो. या छंदात लोक हरतात ते हात वाईट असल्यामुळं नाही, पहिलं किट अर्धवट राहिल्यामुळं.

म्हणून झाकणावरचं चित्र बाजूला ठेव आणि आत बघ. बहुतेक किटांच्या फ्रेमचे फोटो आणि जोडणीचा कागद नेटवर मिळतो. त्यात तीन गोष्टी बघायच्या. चाकं किती आहेत, ट्रॅक, म्हणजे चाकांवरून फिरणारी साखळी, कसला आहे आणि रंग किती लागणार. चाकांचं वर सांगितलं. ट्रॅक तीन तऱ्हेचे येतात: मऊ प्लास्टिकचा अखंड पट्टा, काही लांब तुकडे आणि वळणावर सुट्या कड्या, किंवा पूर्ण सुट्या कड्या. शेवटच्या प्रकारात दोन्ही बाजूंच्या मिळून दीड-दोनशे कड्या जोडायला लागू शकतात. पहिल्याला पट्टाच घे. पट्टा वरच्या बाजूला खऱ्यासारखा झोळ देत नाही, ताठ राहतो, हे खरं. पण आत काळा दोरा बांधून किंवा फेविक्विकचा थेंब टाकून तो चाकांवर टेकवता येतो. रंगाचं म्हणशील तर एकरंगी हिरवा रणगाडा ब्रशनं उत्तम होतो. जर्मन तिरंगी छटा, ज्यांच्या कडा धुरकट असतात, त्या एअरब्रशशिवाय नीट येत नाहीत.

आता स्केल. दिवाळीत किल्ला करताना तू पाहिलं असशील, बाजारातून आणलेला मावळा कधीकधी बुरुजापेक्षा उंच होतो आणि सगळा किल्ला खोटा दिसायला लागतो. स्केल ठरवायची ती या कारणासाठी. एकदा १/३५ घेतलं की पुढचे सैनिक, जीप, पिंपं, झाडं सगळं त्याच मापात घ्यायचं. ५.८ मीटरचा शर्मन रणगाडा १/३५ मध्ये साधारण साडेसोळा सेंटिमीटर होतो, १/४८ मध्ये बारा आणि १/७२ मध्ये आठ. मित्राचं म्हणणं पैशापुरतं बरोबर आहे, पण १/७२ मध्ये हेडलाइट तांदळाच्या दाण्याएवढा होतो, चिमट्यातून उडाला की फरशीवर सापडत नाही. शिवाय त्या मापात जाड रंग लगेच उघडा पडतो. १/४८ जागेला आणि पैशाला बरं आहे, भागही कमी. मात्र टामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या १/४८ मालिकेतल्या सुरुवातीच्या काही किटांचा खालचा हल ओतीव धातूचा आहे. त्याला प्लास्टिकचा सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा गोंद, चालत नाही, फेविक्विक लागतो. शिकताना दोन तऱ्हेचे गोंद सांभाळत बसणं नको. तू १/३५ घे. रणगाड्यांत सगळ्यात जास्त माल याच मापात मिळतो.

आपल्या फौजेशी नातं असलेलं, एकरंगी आणि कमी चाकांचं असं बघायला गेलं तर माझ्या मते दोन नावं पुढं येतात.

पहिलं स्टुअर्ट. लहानगा अमेरिकन रणगाडा, साडेचार मीटर लांबीचा, म्हणजे १/३५ मध्ये तळहाताएवढा. एका बाजूला चारच मोठी चाकं. आपल्या ७ व्या लाइट कॅव्हलरीनं ब्रह्मदेशच्या मोहिमेत स्टुअर्ट चालवले, आणि त्याच रेजिमेंटनं १ नोव्हेंबर १९४८ ला ते काश्मीरहून लडाखला जाणाऱ्या झोजी ला खिंडीत चढवले. अकरा हजार फुटांच्या वर रणगाडा येईल हे समोरच्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. गुपित फुटू नये म्हणून वाटेत टरेट, म्हणजे तोफेचे फिरते बुरुज, उतरवून वेगळे नेले होते. टामियानं एम-३ स्टुअर्टच्या शेवटच्या उत्पादनाचं किट अलीकडे नव्या साच्यात काढलंय. भाग चपखल बसतात. स्टुअर्टच्या बऱ्याच आवृत्त्या झाल्या आणि किटमधली आवृत्ती हुबेहूब झोजी लाची नाही, एवढं लक्षात ठेव. झोजी लाचाच म्हणून मांडायचा असेल तर आधी जुने फोटो बघून फरक समजून घे. नुसता स्टुअर्ट म्हणून मांडणार असशील तर काही अडचण नाही.

दुसरं टी-५५, सोव्हिएत रणगाडा. आपल्या सैन्यानं १९७१ च्या युद्धात तो वापरला, नंतर त्यातल्या बऱ्याच रणगाड्यांना १०५ मिलिमीटरची तोफ बसवली. टामियाचं टी-५५ए चं किट २००० नंतरच्या साच्याचं आहे. एका बाजूला पाच मोठी जोडचाकं, वरच्या बाजूला ट्रॅक उचलून धरणारी छोटी चाकं नाहीतच, त्यामुळं ते काम वाचतं. सगळा रणगाडा हिरवा. फेंडरवरच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या पत्र्यावरच्या, इंधनाच्या टाक्या आणि हँडरेल जरा जपून लावावे लागतात. तेवढं सोडलं तर दिसायला मोठा आणि करायला सोपा असा हा रणगाडा आहे. खिशाला आणखी हलकं हवं असेल तर टामियाचाच टी-३४/८५. साचा १९८० च्या दशकातला, पण आजही बरा बसतो, आणि त्यालाही पाचच जोडचाकं. त्याचा आपल्या फौजेशी संबंध नाही, म्हणून तुझ्यासाठी तो तिसरा.

तुला एकच नाव हवं असेल तर मी टी-५५ म्हणेन. त्यामागं माझं एक कारण आहे. बेळगावच्या उद्यमबागेत माझी हयात फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने करतात तिथं, गेली. टी-५५ चा टरेट ओतीव आहे. मोठ्या साच्यात पोलाद ओतून केलेला, आणि वरून छताला इंग्रजी डी अक्षरासारख्या दोन प्लेटा वेल्ड केलेल्या. बाजारातून आलेल्या किटमध्ये तो टरेट बराच गुळगुळीत वाटतो. खरं ओतकाम तसं नसतं. वाळूचा खरखरीतपणा त्याच्या अंगावर उतरलेला असतो, कुठं रायझर, म्हणजे ओतताना वर राहिलेला जादा धातू, कापल्याच्या जागी ग्राइंडर फिरवलेला दिसतो, आणि साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं पार्टिंग लाइन राहते. प्लास्टिकच्या भागावरही साच्याची रेघ असते. ती पॉलिश पेपरनं घासून काढायची हे सगळे सांगतात. पण टी-३४ किंवा टी-५५ च्या टरेटवर घासायच्या आधी खऱ्याचा फोटो बघ. एखादी रेघ खऱ्या ओतकामातलीही असते, ती ठेवायची असते.

खरखरीतपणा आणायची सोपी रीत सांगतो. पातळ प्लास्टिक सिमेंट ब्रशनं टरेटच्या हाताएवढ्या नव्हे, अंगठ्याएवढ्या भागावर लाव. दहा-पंधरा सेकंदांत वरचा थर मऊ होतो. मग जुन्या, केस कापलेल्या ताठ ब्रशनं वरून नुसतं टोचत जा, ओढू नको. एक भाग झाला की पुढचा. रात्रभर वाळू दे आणि सकाळी बारीक पॉलिश पेपर अगदी हलका फिरव. प्रमाण इथंही सांभाळायचं. खऱ्या टरेटवरचा एक मिलिमीटरचा उंचवटा १/३५ मध्ये ०.०३ मिलिमीटर होतो. बोटाला जाणवेल न जाणवेल इतपतच खरखर हवी, नाहीतर टरेट फणसासारखा दिसतो. हलच्या सपाट प्लेटा रोलिंगच्या आहेत, त्यांना हे करायचं नाही. तोफेची नळी मशीनवर कातलेली असते, ती गुळगुळीतच हवी. छतावरच्या त्या दोन प्लेटाही साफ ठेव. कुठलं पोलाद ओतलंय, कुठलं लाटलंय आणि कुठलं कातलंय हे एकाच मॉडेलवर वेगवेगळं दिसलं की प्लास्टिकला वजन येतं. डिप्लोमात तू मेकॅनिकल घेतलं असशील तर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एखादं न रंगवलेलं कास्टिंग हातात धरून बघ, सगळं कळेल.

आजोबांच्या पलटणीचं म्हणून काही करायचं असेल तर युनिव्हर्सल कॅरिअर ही ट्रॅकवर धावणारी छोटी चिलखती गाडी आहे, ज्याला लोक ब्रेन कॅरिअर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात पायदळाच्या बटालियनमध्ये कॅरिअर प्लाटून असे. इटलीच्या मोहिमेत मराठ्यांच्या पलटणी होत्याच. यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कॅरिअरचं किट लहान आणि स्वस्त आहे, म्हणून पहिलं म्हणून घ्यावंसं वाटतं. पण ते वरून उघडं असतं. आतली इंजिनपेटी, सीट, हत्यारं सगळी डोळ्यांसमोर, आणि माणसं बसवल्याशिवाय ते रिकामं दिसतं. माणसाचा चेहरा रंगवणं हे रणगाडा रंगवण्यापेक्षा अवघड काम आहे. ते दुसरं किंवा तिसरं कर, आणि आजोबांना विचारून कर.

नावाला भुलून जुना साचा घेऊ नको, हेही सांगून ठेवतो. मॉडेल कंपन्या जुनाच साचा नव्या झाकणाखाली पुन्हा विकतात. त्यात फसवणूक असतेच असं नाही, पण विकत घेणाऱ्याला ते माहीत हवं. ब्रह्मदेशात लढलेल्या ली रणगाड्याचं टामियाचं किट १९७० च्या दशकातलं आहे. त्या काळातल्या बऱ्याच किटांत मोटर आणि सेल बसवायची सोय असे, म्हणून हलच्या तळाला अजून भोकं दिसतात आणि मापंही सैल आहेत. साचा झिजला की दोन भागांच्या फटीतून प्लास्टिक बाहेर येतं. त्याला आमच्या धंद्यात फ्लॅश म्हणतात, मॉडेलवालेही तेच म्हणतात. प्रत्येक भागाचा फ्लॅश कापत बसण्यात नवख्याची संध्याकाळ जाते. स्केलमेट्स या साइटवर किटचा क्रमांक टाकलास की साचा कुठल्या सालचा, कुणाकुणाच्या डब्यात गेला, सगळी वंशावळ समोर येते. पैसे भरायच्या आधी तिथं दोन मिनिटं घालव.

पाच हजारांचं गणित असं ठेव की निम्म्याहून थोडे जास्त किटला आणि बाकीचे हत्यारं-रंगांना. सगळे किटमध्ये घातलेस तर नखं कापायच्या कटरनं भाग तोडायची वेळ येईल. मॉडेलसाठीचा चांगला साइड कटर एकदाच घे, इथं पैसे वाचवू नको. भाग फ्रेमपासून दोनदा कापायचा: आधी लांबून, मग जवळून. एकदम जवळ कापलं की प्लास्टिक ओढलं जाऊन पांढरं पडतं. ब्लेड, चिमटा, पातळ प्लास्टिक सिमेंटची बाटली एवढं मागव. बाकीचं इथंच मिळतं. हार्डवेअरच्या दुकानात चारशे, आठशे आणि हजार नंबरचा पॉलिश पेपर आणि मास्किंग टेप मिळते. जोड धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे चालतात. फेविकॉल प्लास्टिक धरत नाही. सिमेंट मात्र प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो, म्हणून जोडाच्या बाहेर सांडू द्यायचा नाही. काम खिडकी उघडून कर, आणि बाटली उघडी ठेवून जेवायला जाऊ नको.

तुझ्याकडं ड्रॉइंगचं सर्कल टेम्प्लेट असेलच. चाकांना ते फार कामाचं. आधी सगळं चाक गडद करड्या रंगात रंगव. रबर कधी ठार काळं नसतं, धूळ बसून करडं होतं. मग टेम्प्लेटचं बरोबर मापाचं भोक चाकावर धर आणि मधला भाग हिरवा कर. चाकं फ्रेमवरच असताना रंगवली तर आणखी सोपं, कापलेल्या जागेला नंतर ठिपका लावायचा.

ब्रशनं रंगवायचं तर व्हॅलेहोसारखे पाण्यातले अॅक्रिलिक घे. टामियाचे अॅक्रिलिक एअरब्रशला छान, पण ब्रशनं दुसरा हात देताना पहिला उचलून येतो. तीन पातळ हात दे, प्रत्येक हात पुरा वाळल्यावर पुढचा. त्याआधी करड्या प्रायमरचा कॅन मार. गाड्यांच्या पेंटच्या दुकानातला स्वस्त प्रायमर मारायचाच असेल तर आधी रिकाम्या फ्रेमवर मारून बघ. काहींतला थिनर प्लास्टिक खातो.

आणि इथं आपला पाऊस आडवा येतो. जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीकडच्या हवेत जो ओलावा असतो त्यात कॅन मारला की रंगावर दुधासारखी पांढरी साय येते. शेवटचा मॅट वार्निश तर हमखास फसतो. तू पावसाळ्यात किट सुरू करणार असशील तर जोडणी आणि ब्रशचं काम त्या दिवसांत कर. प्रायमर उघडीप पडलेल्या दुपारी मार, वार्निश दसऱ्यानंतर. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा, त्यांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलबरोबर ठेव, दमट हवेत तो खराब होतो. डेकल लावताना खालचा रंग चकचकीत हवा. मॅटवर लावला तर खाली हवा अडकून कडेला चंदेरी दिसतं. भारतीय खुणांचा डेकल डब्यात बहुधा मिळत नाही. आपल्या लष्करी वाहनाच्या क्रमांकात वर टोक केलेला बाण असतो, तो आणि आकडे बारीक ब्रशनं पांढऱ्यात काढता येतात. ते हातानं काढलेले असले तरी शोभतात, कारण खरेही बऱ्याचदा हातानंच रंगवलेले असत.

चिखलासाठी महागड्या बाटल्या आणू नको. तुझ्या दारात खानापूरची तांबडी माती आहे, आणि बैलहोंगल-अथणीकडं गेलास की काळी. उन्हात वाळव, चहाच्या गाळणीतून नव्हे, मलमलच्या फडक्यातून गाळ. पाणी घातलेल्या फेविकॉलच्या थेंबात कालवून चाकांमागं आणि फेंडरखाली लाव. पण माती रणगाड्याच्या मुलखाची हवी. समजा रणगाडा पंजाबातला म्हणून मांडायचाय, तर तिथली माती फिकट, करडी-तपकिरी, नदीच्या गाळाची. जांबोटीचा तांबडा चिखल त्या रणगाड्यावर लावला तर जाणकाराच्या डोळ्याला तो लगेच टोचतो. तांबडी आणि काळी एकत्र करून त्यात थोडी रांगोळी मिसळली की जवळपासचा रंग साधतो. मग खडूच्या पुडीनं वरून धूळ. रणगाडा कुठं घासतो ते समजायला अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम एकदा बघून ये. पॅटन रणगाडा तिथं जवळून बघता येतो. ट्रॅकच्या कड्या, चालक चढतो ती पायरी, झाकणांच्या कडा, रंग उडालेला दिसतो तो अशाच जागी. ते टिपून आण आणि तेवढ्याच जागी रंग उडव, सगळीकडं नको.

मागवताना एक लक्षात ठेव. रंगाचे कॅन, थिनर आणि सिमेंट ज्वालाग्राही आहेत, विमानानं येत नाहीत. किट चार दिवसांत आलं तरी ते रस्त्यानं दहा-बारा दिवसांनी येतं. म्हणून सिमेंट आणि प्रायमर आधी मागव, किट नंतर. डबा आला की जोडायला घ्यायच्या आधी कागदावरच्या यादीशी फ्रेम ताडून बघ. प्रत्येक फ्रेमला अक्षर असतं, काही फ्रेम दोनदा असतात. बारीक भाग वाटेत तुटून पिशवीच्या तळाशी पडतात, तेव्हा पिशव्या फेकायच्या आधी झटकून घे. फ्रेमच कमी असेल तर काही कापायच्या आत फोटो काढून दुकानदाराला पाठव. कापलेलं किट कोणी परत घेत नाही.